वजन घटलं म्हणजे खत झालं का?

पीएचडीला प्रवेश घ्यायचा विचार करत असाल, तर आधी ही एक चूक वाचा. माझीच आहे.

माझा विषय सोसायट्यांमधलं सामूहिक कंपोस्टिंग. बिबवेवाडीतल्या एका सोसायटीत विटांचे चार हौद होते. उन्हाळ्यात तीन आठवडे मी रोज सकाळी ताणकाटा घेऊन तिथे जायचे. ओला कचरा मोजून हौदात टाकायचा आणि शेवटी हौदातला माल पुन्हा मोजायचा. वजन जवळपास तीन चतुर्थांश घटलेलं दिसलं. वासही नव्हता. सेक्रेटरी काका म्हणाले, "ताई, झालं की खत!" मीही वहीत लिहून टाकलं: प्रक्रिया यशस्वी.

गाईडना आकडे दाखवले तर त्यांनी एकच प्रश्न विचारला, "यातलं पाणी किती गेलं?"

मला उत्तर देता आलं नाही.

आधी विषयाचं गांभीर्य

कमी उत्पन्नाच्या देशांतल्या शहरांत कचऱ्याचा निम्म्याहून अधिक भाग ओला असतो. तो गाडीत घालून लांब नेणं म्हणजे बऱ्याच अंशी डिझेल जाळून पाणी वाहून नेणं. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या माथी गेला. तिथल्या विहिरींचं पाणी खराब झालं आणि गावकऱ्यांना पुन्हा पुन्हा आंदोलनं करावी लागली. ढाक्यात 1995 मध्ये वेस्ट कन्सर्न या संस्थेने वस्तीपातळीवर खत करण्याचा प्रयोग सुरू केला, त्यामागेही हेच कारण होतं: कचरा जिथे होतो तिथेच जिरवा. आपल्याकडे 2016 च्या घनकचरा नियमांनी 5000 चौरस मीटरहून मोठ्या गृहसंकुलांना ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायला सांगितलं. पुणे महापालिका गांडूळखत प्रकल्पाला मिळकतकरात सवलतही देते.

म्हणजे "खत होतं का?" या प्रश्नाच्या उत्तरावर पैसा अवलंबून आहे, नियम अवलंबून आहे आणि एका गावाचं पाणीही. असं उत्तर नुसत्या ताणकाट्यावर सोडून चालेल का?

आता गणित करू

समजा 100 किलो ओला कचरा आहे. भाजीची देठं, फळांची सालं, शिळं अन्न यांत साधारण 80 टक्के पाणी धरा. म्हणजे 80 किलो पाणी आणि 20 किलो घन पदार्थ. (सोपं जावं म्हणून पालापाचोळा तूर्त बाजूला ठेवू.)

पहिली शक्यता: कचरा फक्त वाळला. काहीच कुजलं नाही, ओलावा 20 टक्क्यांवर आला. घन पदार्थ तेवढेच, 20 किलो. एकूण वजन 25 किलो. घट 75 टक्के.

दुसरी शक्यता: कचरा खरोखर कुजला. निम्मे घन पदार्थ सूक्ष्मजीवांनी खाऊन संपवले, उरले 10 किलो. ओलावा 50 टक्के. एकूण वजन 20 किलो. घट 80 टक्के.

बघा, 75 आणि 80. काट्यावर दोन्ही सारखेच वाटतात. पण पहिल्या हौदात वाळलेला कचरा आहे आणि दुसऱ्यात खत. एप्रिल-मेच्या पुण्यात उघड्या हौदात पहिली शक्यताच जास्त, कारण ओलावा फार खाली गेला की जिवाणूंचं काम थंडावतं. काही विजेची यंत्रं एका दिवसात खत देतो म्हणतात, त्यांनाही हाच प्रश्न विचारा. उष्णता देऊन कचरा वाळवता येतो, पण 24 तासांत तो पक्का कुजत नाही.

मग मोजायचं काय?

एक, कोरडं वजन. ढिगाच्या वेगवेगळ्या जागांवरून आणि खोलींवरून नमुने घ्या, एकत्र करा, चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवा. पुरेसा लहान नमुना होईपर्यंत हेच करा. 105 अंशांच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. तुलना कोरड्या वजनाची करा.

दोन, तापमान. चांगला ढीग आतून 55 अंशांच्या वर जातो आणि काही दिवस तिथे राहतो. रोज एकाच वेळी, एकाच खोलीवर नोंद घ्या.

तीन, पक्वता. यासाठी अळीव लागतो, तोच आपला लाडवातला. खताच्या अर्कात आणि साध्या पाण्यात बी रुजत घाला. किती रुजले आणि मुळं किती वाढली, हे दोन्ही पाण्याच्या तुलनेत काढून गुणाकार करा. हा निर्देशांक 80 टक्क्यांच्या वर असेल तर खत रोपाला बाधत नाही असं मानतात. 50 च्या खाली असेल तर खत कच्चं आहे.

ओव्हन नसेल तर? मूठभर माल ओलसर करून पिशवीत बंद करा आणि आठवड्याने उघडा. मातीचा वास आला तर ठीक. आंबूस आला तर फक्त वाळवण झालंय.

माझ्या हौदांचं पुढे काय झालं

जूनचा पहिला पाऊस पडला आणि वाळलेला कचरा पुन्हा भिजला. वास, माश्या, अळ्या. तक्रारी सुरू झाल्या आणि बोट गेलं हौद हलवणाऱ्या हाउसकीपिंगच्या मावशींकडे: "नीट करत नाहीत." माझ्या वहीतलं "यशस्वी" काकांनी मीटिंगमध्ये वाचून दाखवलं होतं. म्हणजे प्रक्रिया उत्तम आणि बाई कामचुकार, असा त्याचा अर्थ निघाला.

मावशींचं काही चुकलं नव्हतं. त्यांना सुका पालाच मिळत नव्हता. पुन्हा गणित करा: 80 टक्के ओलावा 60 वर आणायला 10 किलो कचऱ्यात 10 टक्के ओलाव्याचा 4 किलो पाला लागतो. रोज 100 किलो कचरा असेल तर रोज 40 किलो पाला. पानगळ मुख्यतः फेब्रुवारी-मार्चमध्ये, गरज सर्वांत जास्त पावसाळ्यात, आणि मधल्या काळात तोच पाला कोपऱ्यात जाळला जातो.

मी पुढच्या मीटिंगला गेले, माझा आकडा चुकीचा होता हे सांगितलं आणि हे गणित फळ्यावर मांडलं. आता पाला पोत्यांत भरून ठेवतात, हौदांवर पत्रा आहे. मावशींचं काम टिकलं.

तेव्हा प्रस्ताव लिहिताना प्रत्येक मोजमापापुढे एक ओळ लिहा: "माझा निष्कर्ष खोटा असूनही हाच आकडा येऊ शकतो का?" उत्तर "हो" असेल, तर अजून एक मोजमाप हवं. तुमचा आकडा कुणाच्या तरी रोजीरोटीपर्यंत पोहोचतो.