क्रुसाचा पुरावा: काय टिकतं, काय नाही

‘येशूला क्रुसावर दिलं हे फक्त बायबलच सांगतं,’ असं छातीठोकपणे म्हणणारे पुष्कळ भेटतात. तसं नाही. रोमन इतिहासकार टॅसिटस इ. स. 116च्या सुमारास लिहितो की तिबेरियस सम्राटाच्या काळात यहुदियाचा रोमन सुभेदार पिलात याने ख्रिस्ताला देहदंड दिला. टॅसिटसला ख्रिस्ती लोकांचा तिटकारा होता, त्यामुळे त्यांची भलामण करण्याचं त्याला काही कारण नव्हतं. ज्यू इतिहासकार जोसेफसच्या त्याआधीच्या ग्रंथातही क्रुसाचा उल्लेख येतो. त्या उताऱ्यात पुढे ख्रिस्ती नकलनवीसांनी पदरचं घुसडलं, हे बहुतेक अभ्यासक मानतात. पण सगळा उताराच बनावट ठरवणारे त्या मानाने थोडे.

पिलात खरा होता का, हा वाद तर निकालातच निघाला आहे. 1961मध्ये कैसरियाच्या रोमन नाट्यगृहात त्याचं नाव आणि हुद्दा कोरलेला दगड सापडला. गंमत म्हणजे टॅसिटसने त्याचा हुद्दा चुकीचा लिहिला होता.

‘क्रुसावरची प्रेतं गिधाडांसाठी सोडून देत, तेव्हा येशूच्या दफनाची गोष्ट रचलेलीच असणार’ हा आक्षेप मात्र वजनदार आहे. रोमन रीत बहुधा तशीच होती. पण 1968मध्ये जेरुसलेमच्या उत्तरेला एका कौटुंबिक थडग्यात पहिल्या शतकातली दगडी अस्थिपेटी मिळाली. तिच्यावर येहोहानन हे नाव कोरलेलं होतं. आत उजव्या टाचेचं हाड होतं आणि त्यात आरपार गेलेला, सुमारे साडेअकरा सेंटिमीटरचा लोखंडी खिळा. खिळ्याचं टोक वाकलेलं होतं. बहुधा म्हणूनच तो उपसता आला नसावा. 1985च्या फेरतपासणीत दिसलं की खिळा टाचेत बाजूने ठोकला होता, म्हणजे पाय बहुधा खांबाच्या दोन बाजूंना असावेत. हातांच्या हाडांवर खिळ्याच्या खुणा नव्हत्या. या माणसाचं प्रेत घरच्यांच्या हाती आलं आणि त्यांनी रीतसर अस्थी जपल्या, एवढं नक्की. यावरून येशूचंही दफन झालंच, हे सिद्ध होत नाही. पण ते अशक्य होतं, असं आता म्हणता येत नाही.

खिळ्यांचाच विषय निघाला म्हणून सांगतो. क्रुसावर चढवण्याच्या प्रसंगात चारही शुभवर्तमानांपैकी एकही खिळ्यांचं नाव घेत नाही. ते येतं पुढे, योहानाच्या शुभवर्तमानात, येशूच्या पुनरुत्थानावर शिष्य थोमा शंका घेतो तेव्हा.

सगळे तपशील जुळतातच, हाही भाबडेपणा. मार्कच्या मते येशूने ज्यूंच्या वल्हांडण सणाचं भोजन केलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला त्याला क्रुसावर दिलं. योहानात ते भोजन व्हायचंच आहे आणि दुपारी बाराच्या सुमारास येशू अजून पिलातासमोर उभा आहे. वार शुक्रवार, हे दोघांनाही मान्य. वर्षाबाबत इ. स. 30 किंवा 33 यांवर अभ्यासकांचा भर आहे.

येशू क्रुसावर असताना दुपारी पडला म्हणतात तो अंधार म्हणजे सूर्यग्रहण, हे स्पष्टीकरण हौशी मंडळींना फार आवडतं. पण वल्हांडण येतो पौर्णिमेला आणि सूर्यग्रहण अमावास्येलाच लागतं, हे पंचांग चाळणारा कुणीही सांगेल.