परराज्यातली गाडी, डहाणूतले घर: लायसन्स चालते, मग नंबर का चालत नाही?

सरावलीच्या रस्त्यावर सकाळी थोडा वेळ उभे राहिले, की तीन-चार ठिकाणचे नंबर डोळ्यांसमोरून जातात. एमएच ४८ म्हणजे वसई, एमएच ०४ म्हणजे ठाणे, जीजे १५ म्हणजे वलसाड, डीएन ०९ म्हणजे सिल्वासा, डीडी ०३ म्हणजे दमण. डहाणू आणि तलासरी हे सीमेवरचे तालुके. अच्छाडचा नाका ओलांडला की गुजरातचे भिलाड. कामाला वापी-उंबरगाव, बाजाराला डहाणू, सोयरिक दोन्हीकडे, असा इथला रोजचा व्यवहार आहे.

बाहेरून येणाऱ्यांची या भागाला सवयही जुनी. डहाणूच्या चिकूवाड्या ज्यांच्यामुळे नावारूपाला आल्या, ती इराणी कुटुंबे मूळची इराणमधूनच आली. आज कुणी उत्तर प्रदेशातून येतो, कुणी गुजरातमधून, कुणी दहा-वीस वर्षे परदेशात राहून परततो. राहायची सोय झाली की पुढचे दोन प्रश्न ठरलेले असतात. माझे जुने लायसन्स इथे चालेल का? आणि गाडी कुठून घ्यावी?

या दोन प्रश्नांची उत्तरे एकमेकांच्या उलट आहेत. देशातले लायसन्स माणसासोबत कुठेही फिरते. गाडीचा नंबर मात्र ती गाडी जिथे ठेवली जाते, त्या राज्याशी बांधलेला असतो. बरेच जण इथेच गफलत करतात आणि ती लक्षात येते ती अपघात झाल्यावर किंवा विम्याचा दावा अडकल्यावर.

दुसऱ्या राज्याचे लायसन्स इथे चालते का?

चालते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १३ नुसार देशातल्या कोणत्याही परिवहन कार्यालयाने दिलेले लायसन्स संपूर्ण भारतात वैध असते. गोरखपूरचे किंवा वलसाडचे लायसन्स असले तरी मुदत संपेपर्यंत ते डहाणूत वापरता येते. ‘इथले नवे काढावेच लागेल’ असे कुणी एजंट सांगत असेल, तर ते खरे नाही.

उलट जुने लायसन्स लपवून दुसरे काढणे हा नियमभंग आहे. कलम ६ नुसार एका व्यक्तीकडे एकाच वेळी दोन लायसन्स असू शकत नाहीत. पत्ता बदलायचा असेल किंवा मुदत वाढवायची असेल, तर ‘सारथी’ पोर्टलवरून अर्ज करावा. लायसन्स कागदावरच हवे असे नाही. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमधली प्रतही तपासणीत ग्राह्य धरली जाते. मात्र कागदाचा नुसता मोबाइलवर काढलेला फोटो म्हणजे डिजिलॉकर नव्हे.

लायसन्सच नसेल तर?

पाड्यापाड्यावर गाडी चालवता येणारी मुले खूप आहेत, पण लायसन्स सगळ्यांकडे नाही. कारणही समजण्यासारखे आहे. वसईच्या परिवहन कार्यालयात जायचे तर डहाणू रोडहून लोकलने विरारपर्यंतचाच प्रवास ६४ किलोमीटरचा होतो. एक फेरी म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडाली.

यातली एक फेरी आता वाचू शकते. २०२१ पासून महाराष्ट्रात आधारच्या आधारे शिकाऊ लायसन्सची परीक्षा घरबसल्या देता येते. वय १८ पूर्ण हवे. चाळिशी ओलांडली असेल, तर डॉक्टरचे प्रमाणपत्र (फॉर्म १ए) जोडावे लागते. खासगी गाडीसाठी शिक्षणाची अट नाही.

शिकाऊ लायसन्स सहा महिने चालते. ते मिळाल्यावर किमान ३० दिवस थांबून पक्क्या लायसन्ससाठी प्रत्यक्ष गाडी चालवून दाखवावी लागते. ही चाचणी घरून देता येत नाही. अपॉइंटमेंट घेण्याआधी आपल्या तालुक्याच्या ठिकाणी परिवहन कार्यालयाचे शिबिर आहे का, हे पाहून घ्या. शिबिर असेल तर लांबचा फेरा टळतो.

विनालायसन्स गाडी चालवण्यासाठी कायद्यात ५,००० रुपये दंड आहे. पण खरा धोका दंडाचा नाही. अशा चालकाकडून अपघात झाला, तर विमा कंपनीला समोरच्या जखमीला किंवा मृताच्या कुटुंबाला भरपाई देण्याचा आदेश होऊ शकतो आणि तीच रक्कम नंतर गाडीमालकाकडून वसूल करण्याची मुभा कंपनीला मिळते. भरपाई काही लाखांत असते. ती फेडायला घर किंवा जमीन विकण्याची वेळ मालकावर येऊ शकते. गाडी अल्पवयीन मुलाच्या हातात दिली असेल, तर पालक किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद अशी तरतूद कलम १९९ए मध्ये आहे.

वापी-दमणमधून नवी गाडी घेतली तर स्वस्त पडते, हे खरे का?

करापुरते खरे आहे. महाराष्ट्रात १० लाखांपर्यंतच्या वैयक्तिक पेट्रोल गाडीवर ११ टक्के एकरकमी कर आहे, तर डिझेलवर १३ टक्के. गुजरातमध्ये हा कर सुमारे ६ टक्के पडतो. सहा लाखांच्या पेट्रोल गाडीवर इथे ६६,००० रुपये आणि तिकडे साधारण ३६,००० रुपये. फरक ३०,००० रुपयांचा. म्हणून वापीतल्या पाहुण्यांच्या पत्त्यावर किंवा नावापुरत्या भाडेकराराने गाडी घ्यायचा मोह होतो.

पण कलम ४० सांगते, की गाडीची नोंदणी मालकाचे राहण्याचे किंवा व्यवसायाचे ठिकाण जिथे आहे आणि गाडी साधारणपणे जिथे ठेवली जाते, त्या राज्यात व्हायला हवी. राहायचे सरावलीत आणि पत्ता दाखवायचा वापीचा, ही खोटी माहिती ठरते. पुढे गाडी महाराष्ट्रात नोंदवायची वेळ आली, की गाडीच्या वयानुसार इथला कर भरावाच लागतो. तेव्हा आधी वाचवलेले ३०,००० रुपये हातात राहत नाहीत.

खरेदी मात्र कुठूनही करता येते. वापीच्या शोरूममधून गाडी घ्या, तात्पुरत्या नोंदणीवर ती इथे आणा आणि कायमची नोंदणी महाराष्ट्रात करा. हा मार्ग पूर्णपणे वैध आहे.

आधीपासूनची गुजरातची गाडी इथे आणली असेल तर?

कलम ४७ नुसार दुसऱ्या राज्यात नोंदवलेली गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ इथे ठेवली, तर इथला नंबर घ्यावा लागतो. इथे ‘ठेवली’ हा शब्द महत्त्वाचा. भिलाडमध्ये राहणारा माणूस रोज तलासरीला कामावर येत असेल, तर त्याला नंबर बदलायची गरज नाही. त्याची गाडी रात्री गुजरातमध्येच असते. पण बिऱ्हाड डहाणूत हलवले असेल, तर गाडी आणल्याचा पुरावा जपून ठेवा. टोलची पावती, सर्व्हिसिंगचे बिल किंवा भाडेकरार, यातले काहीही चालेल.

बदलीची नोकरी असणाऱ्यांसाठी २०२१ पासून ‘बीएच’ मालिका आहे. केंद्र-राज्य सरकारचे कर्मचारी, सार्वजनिक उपक्रमातले कर्मचारी आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खासगी कंपन्यांचे कर्मचारी हा नंबर घेऊ शकतात. राज्य बदलले तरी नंबर तोच राहतो. यात कर पहिल्यांदा एकरकमी भरायचा नसून दोन-दोन वर्षांच्या हप्त्याने भरायचा असतो.

जुनी गाडी सीमेपलीकडून घेताना कोणते कागद लागतात?

इथल्या बहुतेकांची पहिली गाडी जुनीच असते. पैसे देण्यापूर्वी एमपरिवहन ॲपमध्ये नंबर टाकून मालकाचे नाव, विमा, पीयूसी आणि नोंदणीची मुदत पाहा. थकीत ई-चलन तपासा. नंतर क्रमाने हे कागद घ्या.

पहिला, कर्ज असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५. आरसीवर बँकेचा बोजा दिसत असेल, तर ‘हप्ते फिटलेत’ या तोंडी शब्दावर जाऊ नका.

दुसरा, मूळ परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म २८. हे नसेल तर दुसऱ्या राज्यात नोंदणीच होत नाही.

तिसरा, मालकी बदलासाठी फॉर्म २९ आणि ३०. यावर विकणाऱ्याची सही लागते. नाव, तारीख न भरलेल्या कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन गाडी हातोहात फिरवण्याची पद्धत दोघांनाही गोत्यात आणते.

चौथा, महाराष्ट्राचा नवा नंबर घेण्यासाठी फॉर्म २७ आणि इथला कर. नंबर मिळाल्यावर उच्च सुरक्षा पाटी नव्याने बसवावी लागते. मूळ राज्यात भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मिळण्यासाठी तिकडच्या कार्यालयात अर्ज करता येतो.

पाचवा, विमा. गाडी घेतल्यापासून १४ दिवसांत विमा आपल्या नावावर करून घेण्यासाठी कंपनीकडे अर्ज करा. नाव बदलले नाही, तर गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा दावा फेटाळला जाऊ शकतो.

गाडी विकली, पण नावावरून उतरली नाही, तर जबाबदार कोण?

ज्याचे नाव नोंदीत आहे तो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या प्रकरणात हे स्पष्ट केले. त्या गाडीचे हात अनेकदा बदलले होते, पण नोंदीत मूळ मालकाचेच नाव होते. अपघाताच्या भरपाईसाठी न्यायालयाने त्यालाच जबाबदार धरले. ‘मी गाडी कधीच विकली’ हा बचाव टिकला नाही.

म्हणून गाडी विकणाऱ्यानेही निर्धास्त राहू नये. वेळ-तारखेसह ताबा पावती घ्या, पण तेवढ्यावर थांबू नका. ॲपमध्ये आपले नाव जाऊन नवे नाव आले का, हे पाहेपर्यंत व्यवहार पूर्ण झाला असे समजू नका. डीलरला गाडी देत असाल, तर तो परिवहन विभागाचा अधिकृत जुन्या वाहनांचा विक्रेता आहे का, हे विचारा. एप्रिल २०२३ पासून अशा विक्रेत्यांसाठी स्वतंत्र नियम लागू आहेत आणि गाडी ताब्यात घेतल्याची नोंद त्याने पोर्टलवर करायची असते.

पांढऱ्या पाटीच्या गाडीतून भाडे मारले तर?

जुनी सात सीटर घ्यायची आणि कंपनीतल्या कामगारांना ने-आण करायची, असा विचार अनेक तरुण करतात. लायसन्सची अडचण आता कमी झाली आहे. ७,५०० किलोपर्यंतचे व्यावसायिक वाहन हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. पण परमिट, पिवळी पाटी आणि व्यावसायिक विमा यातून सुटका नाही. खासगी विम्याच्या गाडीत भाड्याचे प्रवासी असताना अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करू शकते.

परदेशातून आलेल्यांचे काय?

परदेशी लायसन्स इथे भारतीय लायसन्ससारखे चालत नाही. थोड्या दिवसांच्या भेटीसाठी आलेल्याने आपल्या देशातूनच आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणावा आणि मूळ लायसन्स सोबत ठेवावे. या परवान्याची मुदत जास्तीत जास्त एक वर्ष असते.

राहायलाच आलेल्याने भारतीय लायसन्स काढावे. परदेशी नागरिकाला पासपोर्ट, वैध व्हिसा आणि इथल्या पत्त्याचा पुरावा लागतो. कलम ९ मध्ये एक कमी माहीत असलेली सवलत आहे. त्याच प्रकारच्या वाहनाचे परदेशी लायसन्स असेल आणि वैद्यकीय प्रमाणपत्र दिले असेल, तर गाडी चालवून दाखवण्याच्या चाचणीतून सूट मिळू शकते. परदेशातून परतलेल्या आपल्या लोकांनाही ही तरतूद उपयोगी आहे. तिकडचे लायसन्स टाकून देऊ नका.

लक्षात ठेवा

देशातले कोणतेही वैध लायसन्स डहाणूत चालते. दुसरे काढू नका.
गाडी जिथे राहते, तिथला नंबर हवा. परराज्यातल्या गाडीला १२ महिन्यांची मर्यादा आहे.
फॉर्म २८ हातात आल्याशिवाय सीमेपलीकडच्या जुन्या गाडीचे पूर्ण पैसे देऊ नका.
मालकी बदलाचा अर्ज खरेदीपासून ३० दिवसांत आणि विम्याचा १४ दिवसांत करा.
विकलेली गाडी नोंदीत अजून कुणाच्या नावावर आहे, हे आजच ॲपमध्ये पाहा.