पाखंडी म्हणजे नास्तिक नव्हे

देव न मानणारा, ढोंगी बुवा, रूढी मोडणारी सून: रोजच्या बोलण्यात यांपैकी कुणालाही ‘पाखंडी’ म्हणून मोकळं होता येतं. हाच सैल अर्थ मनात ठेवून ख्रिस्ती चर्चचा इतिहास वाचला, की मात्र घोटाळा होतो. कॅथलिक चर्चच्या कायद्यात पाखंडाची व्याख्या फार काटेकोर आहे. १९८३ च्या धर्मसंहितेतल्या ७५१ व्या कलमानुसार, बाप्तिस्मा झालेल्या व्यक्तीने श्रद्धेचा अनिवार्य भाग असलेलं एखादं सत्य हट्टाने नाकारणं किंवा त्यावर हट्टाने शंका घेणं म्हणजे पाखंड. अख्खा ख्रिस्ती धर्मच सोडला तर तो धर्मत्याग. पोपची सत्ता झुगारली तर ती फूट.

गैरसमज: हिंदू, मुस्लिम, नास्तिक हे सगळे चर्चच्या लेखी पाखंडी.

ज्याचा बाप्तिस्माच झालेला नाही, तो पाखंडी ठरू शकत नाही. हा घरातला आरोप आहे. अलेक्झांड्रियाचा एरियस हा चर्चमधलाच धर्मगुरू होता आणि ख्रिस्तावर त्याची श्रद्धा होती. पण पुत्र हा पित्याने निर्माण केलेला आहे, पित्यासारखा अनादी नाही, असं तो शिकवत असे. इ.स. ३२५ मध्ये निकियाच्या धर्मसभेने हे मत फेटाळलं. चर्चमध्ये अजूनही म्हटला जाणारा विश्वासाचा अंगीकार या वादातूनच आकाराला आला.

गैरसमज: चुकीचं मत मांडलं, की माणूस पाखंडी झालाच.

हट्ट हवा, आणि चर्चने तो मुद्दा आधी ठाम ठरवलेला हवा. खुद्द पोप बाविसावे जॉन यांनी १३३१ मध्ये प्रवचनांतून सांगितलं, की पुण्यवंतांच्या आत्म्यांना अंतिम न्यायाच्या दिवसापर्यंत देवाचं पूर्ण दर्शन होत नाही. धर्मपंडित खवळले. १३३४ मध्ये मृत्युशय्येवर पोपनी मत मागे घेतलं आणि १३३६ मध्ये त्यांच्या वारसाने उलट सिद्धान्त अधिकृत केला. ते चुकले, पण पाखंडी ठरले नाहीत.

प्रॉटेस्टंटांबद्दलही हेच लक्षात ठेवावं. त्या पंथांत जन्मून वाढलेल्यांवर फुटीच्या पापाचा ठपका ठेवता येणार नाही, असं दुसऱ्या व्हॅटिकन सभेने १९६४ मध्ये स्पष्ट केलं आहे.

गैरसमज: गोव्याचं इन्क्विझिशन हिंदूंना पाखंडी ठरवून शिक्षा देत होतं.

१५६० मध्ये सुरू झालेल्या या न्यायालयाने हिंदूंवरही खटले चालवले, पण ते धर्मांतरात अडथळा आणल्याचे, ख्रिस्ती झालेल्यांना जुन्या धर्माकडे ओढल्याचे. पाखंडाचा वरवंटा फिरला तो बाप्तिस्मा झालेल्यांवर. १७३६ च्या फर्मानात त्यांच्या घरातल्या बारीकसारीक गोष्टींवर बंदी आहे: अंगणातली तुळस, पुरुषांचं धोतर, बायकांची चोळी, मीठ न घालता शिजवलेला भात. त्रैक्य किंवा ख्रिस्ताचं देवत्व यांच्याशी भाताच्या मिठाचा काय संबंध? धर्मशास्त्राची व्याख्या इथे पार ताणली गेली, असं माझं स्पष्ट मत आहे.

वैद्य गार्सिया द ओर्ताचं प्रकरण तर अधिकच विदारक. त्याचे आईवडील ज्यू होते. पोर्तुगालमध्ये सक्तीने ख्रिस्ती केलेल्यांपैकी. तो १५३४ मध्ये गोव्यात आला. मुंबईचं बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होतं. भारतातल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. १५६८ मध्ये तो वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातरिना हिला गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याबद्दल जाळण्यात आलं. १५८० मध्ये त्याची हाडंही उकरून जाळली.

तेराव्या शतकात थॉमस अक्विनस यांनी लिहून ठेवलं होतं, की ज्यांनी ख्रिस्ती श्रद्धा कधी स्वीकारलीच नाही त्यांच्यावर ती लादू नये. स्वीकारलेल्यांना मात्र ती पाळायला भाग पाडता येतं. ओर्ता कुटुंबाच्या बाबतीत पहिलं वाक्य पायदळी तुडवलं गेलं आणि दुसऱ्याचा आधार घेऊन शिक्षा दिली गेली. सक्तीने उंबरठ्याआत ओढायचं आणि मग आत नीट वागत नाही म्हणून जाळायचं, याला श्रद्धेचं रक्षण म्हणता येत नाही.