शरद आणि हरुद : श्रीनगरच्या चिनारांच्या निमित्ताने

इंग्रजीतील ‘ऑटम’ या शब्दासाठी आपण मराठीत ‘शरद’ हा शब्द इतक्या सहजपणे योजतो की, त्यात काही घोटाळा असेल अशी शंकाही येत नाही. पदव्युत्तर वर्गाच्या भाषांतराच्या उत्तरपत्रिकांत ‘शरदातील लाल पाने’ हा प्रयोग वारंवार आढळतो. वस्तुतः महाराष्ट्रात आश्विन-कार्तिकात झाडांची पाने लाल होत नाहीत. आपला शरद म्हणजे निवळलेले पाणी, निरभ्र आकाश, कोजागरीचे चांदणे आणि कापणीस आलेले भात. पानगळ हा आपल्याकडे शिशिराचा धर्म होय. आणि लाल पाने पाहावयाची तर ती वसंताच्या तोंडी कुसुंबाच्या कोवळ्या पालवीत. तेव्हा वरील शब्द व्याकरणदृष्ट्या निर्दोष असले, तरी या भूमीत त्यांना आधार नाही. काश्मीरच्या खोऱ्यात मात्र ते अक्षरशः खरे ठरतात. श्रीनगर व त्याच्या परिसरात ही रंगशोभा कोठे व केव्हा पाहावी, हे प्रस्तुत लेखात सांगावयाचे असून, तिच्याच आधारे ऋतुवाचक शब्दांच्या अर्थाविषयी एक मुद्दा मांडावयाचा आहे.

काश्मिरी परंपरेत वर्षाचे सहा ऋतू मानले जातात. त्यांतील ‘सोंथ’ म्हणजे वसंत, ‘वहरात’ म्हणजे वर्षा, ‘शिशुर’ म्हणजे शिशिर. सुमारे सप्टेंबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंतच्या काळास ‘हरुद’ म्हणतात. ‘हरुद’ हे संस्कृत ‘शरद्’ शब्दाचेच रूप होय. आद्य ‘श’काराच्या जागी काश्मिरीत ‘ह’कार आल्याची उदाहरणे अनेक आहेत : शत–हथ, शाक–हाख. मराठी वाचकास हे ध्वनिपरिवर्तन अपरिचित नाही. ‘दश’पासून झालेला आपला ‘दहा’ याच जातीचा आहे. म्हणजे शब्द एक आणि महिनेही तेच; परंतु शब्दाने सुचविलेले दृश्य मात्र भिन्न.

हा भेद प्रस्तुत लेखकास प्रथम स्वतःच्या चुकीतून कळला. ‘हरुद म्हणजे शरद’ एवढ्या समीकरणावर विसंबून तो सप्टेंबरच्या अखेरीस श्रीनगरास गेला. पंचांगाप्रमाणे ऋतू लागलेला होता, परंतु चिनार मात्र हिरवेगार होते. व्युत्पत्ती शब्दाचे कूळ सांगते, त्याची आजची वर्तणूक सांगत नाही, हे वर्गात अनेकदा सांगितलेले तत्त्व त्या दिवशी प्रवासखर्चासह पटले.

रंगपालटाचे कारण असे. दिवस लहान होऊन रात्री गारठू लागल्या की, पानातील हरितद्रव्याचे विघटन होते व पुनर्निर्मिती थांबते. त्यामुळे पानात आधीपासूनच असलेली पिवळी द्रव्ये दृग्गोचर होतात. तांबडा रंग देणारे अँथोसायनिन हे द्रव्य मात्र बहुतांशी याच काळात पानातील शर्करेपासून नव्याने तयार होते. म्हणून स्वच्छ ऊन आणि थंड रात्री लाभल्या तर रंग अधिक गडद होतो. समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंचीवरील श्रीनगरात ही स्थिती हरुदाच्या उत्तरार्धात येते. साधारणतः ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात चिनार पिवळसर होतो, पुढे ताम्रवर्ण धारण करतो आणि नोव्हेंबरच्या मध्यास तांबूस-तपकिरी होऊन गळू लागतो. जाणाऱ्याने हे तीन आठवडे साधावेत.

स्थळांपैकी पहिला मान नसीम बागेस द्यावा. दल सरोवराच्या पश्चिम तीरावर, हजरतबलनजीक काश्मीर विद्यापीठाच्या आवारातच ही बाग आहे. तिची स्थापना परंपरेने अकबराच्या नावे सांगितली जाते. येथे कारंजी नाहीत, पाटबंधांची रचना नाही. केवळ चिनारांच्या रांगा आहेत, आणि त्यांच्या पडलेल्या पानांतून विद्यार्थी वर्गांकडे ये-जा करीत असतात. समोर पूर्वेस जबरवान पर्वत असल्याने येथे सकाळी जावे. याउलट निशात बाग त्याच पर्वताच्या पायथ्याशी, पूर्व तीरावर आहे. नूरजहानचा बंधू आसफखान याने ती १६३३ च्या सुमारास उभारली. तिचे चढत गेलेले सोपान सरोवराकडे, म्हणजे पश्चिमेकडे, उघडे आहेत. त्यामुळे तिची शोभा मावळतीच्या उन्हात पाहण्याजोगी. जहांगीरने १६१९ मध्ये आरंभिलेली शालिमार बाग तेथून जवळच आहे. या दोहोंच्या मधल्या वेळात शिकाऱ्यातून चार-चिनार बेटावर जाता येते. शहरापासून सुमारे २२ किलोमीटरवर असलेल्या दाचीगाम राष्ट्रीय उद्यानात लावलेल्या रांगांऐवजी रानातील रंग दिसतो. तेथे आगाऊ परवाना लागतो, आणि वरच्या उतारांवर रंग खोऱ्यापेक्षा लवकर येतो.

‘चिनार’ या नावाविषयी एक आख्यायिका प्रत्येक प्रवाशास ऐकविली जाते. लाल झाड पाहून कोणा बादशहाने ‘ची नार अस्त’, म्हणजे ‘केवढा हा अग्नी’, असे उद्गार काढले व त्यावरून हे नाव पडले, असे म्हणतात. ही लोकव्युत्पत्ती होय. ‘चिनार’ हा शब्द मुघलांच्या कित्येक शतके आधीच्या फारसी काव्यात रूढ आहे. काश्मिरी माणूस या झाडास स्वतःच्या भाषेत ‘बून्य’ म्हणतो. आणि लल्लेश्वरीच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या एका वाखात सावली देणाऱ्या बून्यची उपमा येते. आख्यायिका इतिहास म्हणून टिकत नाही. तथापि लोकांच्या मनात हे झाड आणि हा रंग किती एकरूप झाले आहेत, याचा पुरावा म्हणून तिचे मोल आहे.

याच दिवसांत शहराच्या दक्षिणेस पांपूरच्या पठारावर केशर फुलते. काश्मिरीत केशरास ‘कोंग’ म्हणतात, आणि तो शब्द ‘कुंकुम’पासून आला आहे. आपले ‘कुंकू’ही त्याच शब्दापासून आलेले. तेथे शब्द फुलाशी राहिला. आपल्याकडे फूल नव्हते, म्हणून तो हळदीपासून केलेल्या तांबड्या चूर्णाकडे गेला. शरद-हरुदाची कथाही अशीच आहे.

गळलेली चिनारपाने स्त्रिया झाडून गोळा करतात, ती जाळून कोळसा करतात आणि तो पुढे थंडीत कांगडीत भरतात. काश्मिरी घरात हरुद म्हणजे या तयारीचाही काळ. ‘शरद’ या मराठी शब्दात ही सूचना कोठेच नाही.

यावरून भाषांतरकारास एवढे सुचवावेसे वाटते. मूळ उताऱ्यात महिन्यांना महत्त्व असेल तर ‘शरद’ ठेवावा. पानांच्या रंगास व गळण्यास महत्त्व असेल तर ‘पानगळीचे दिवस’ असे स्पष्ट म्हणावे. आणि उतारा काश्मीरचा असेल तर ‘हरुद’ हाच शब्द ठेवून त्याचा अर्थ वाचकास सांगावा. विद्यार्थ्यांस शक्य झाल्यास त्यांनी एकदा नसीम बागेत जाऊन यावे. मात्र ऑक्टोबर संपत आल्यावर.