पुसलेल्या सरहद्दीवर सायकल

रोमन सम्राट हेड्रियनने इ. स. १२२ मध्ये इंग्लंडच्या उत्तरेस सुमारे ११७ किलोमीटर लांबीची सरहद्दीची भिंत बांधायला घेतली. आज तिच्या आसपास लोक नकाशा घेऊन, वाटाड्याशिवाय सायकलीने सहल करतात.

बीड जिल्ह्यालाही अशी सरहद्द होती बरे का! १९४८ पर्यंत बीड निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. शेजारचा नगर (आताचा अहिल्यानगर) जिल्हा मुंबई प्रांतात. आष्टी तालुक्याच्या कडेची सीना नदी काही अंतर सीमा होती. जवळच्या जामखेड तालुक्यातील खर्ड्याला १७९५ मध्ये मराठे व निजाम लढले.

नदी मंद उतारावरून वाहते, म्हणून तिच्या काठाने चढ कमी लागतो. तेथे खरा विरोधक वारा! वेग दुप्पट केला, तर हवेचा विरोध सुमारे चौपट होतो. म्हणून ताशी १२ किलोमीटर वेग पुरे. मग ३० किलोमीटरला किती वेळ लागेल? काढा पाहू!

हिवाळ्यात, भरपूर पाणी घेऊन, घरच्या मोठ्यांसह जा. भिंत दिसणार नाही, नाकाही नाही. दोन्ही काठांवरच्या म्हाताऱ्या माणसांना मात्र जरूर विचारा. सरहद्द आता त्यांच्या आठवणींतच उरली आहे.