गटाबाहेरची दोन वर्षं

१८ फेब्रुवारी २०२४, रविवार. दुपारपासून मोबाइल थरथरायला लागला तो थांबेचना. निर्यातबंदी उठली म्हणे. व्हॉट्सॲपच्या १४ गटांत तेच, वर फटाक्यांची आणि पेढ्यांची चित्रं. ७ डिसेंबरला निघालेल्या बंदीने आमच्या निफाड तालुक्यात कांद्याची पार माती केली होती, त्यामुळे खरं-खोटं बघायला थांबतो कोण?

माझी रांगड्या कांद्याची ट्रॉली भरून, ताडपत्री आवळून अंगणात उभी होती. सोमवारी लासलगावला सरासरी भाव क्विंटलमागे १२८० वरून १८०० वर गेला. मी ट्रॉली हलवली नाही. गटात सगळे म्हणत होते, अजून थांबा. मंगळवारी केंद्राच्या ग्राहक व्यवहार सचिवांनी खुलासा केला: बंदी उठलेली नाही, ३१ मार्चपर्यंत आहे. ट्रॉली पुढे उतरत्या भावातच रिकामी झाली. हिशोबपट्टी खिशात घालून घरी आलो, ओट्यावर बसलो आणि एकेक गट सोडला. फेसबुकही त्याच बैठकीत काढलं.

‘आता बाजार कसा कळणार रे तुला?’ असं भावकीत सगळ्यांनी विचारलं. धास्ती मलाही होतीच. पण गटात यायचा तो कमाल भाव. एखाद्या निवडक मालाच्या ट्रॉलीला तो मिळतो, तिचाच व्हिडिओ फिरतो आणि बाकीचे आशेवर बसतात. आता संध्याकाळी बाजार समितीचे आकडे बघतो; किमान-कमाल सोडून सरासरी आणि आवक तेवढी वहीत लिहितो. सकाळी ‘ॲग्रोवन’.

सरकारी कागदांचं गणित समजायला मात्र वेळ लागला. बंदी आणि किमान निर्यात मूल्य हा विदेश व्यापार महासंचालनालयाचा प्रांत, निर्यात शुल्क अर्थ मंत्रालयाचं. पुढाऱ्याने सभेत काय सांगितलं याला बंदरावर कुणी विचारत नाही. ४ मे २०२४ ला बंदी खरंच उठली, गावात गुलाल उडाला. मी मुलीला शेजारी बसवून दोन्हीकडचे इंग्रजी कागद वाचून घेतले: टनाला किमान ५५० डॉलर, वर ४० टक्के शुल्क. ७७० डॉलरच्या आत टनभर कांदा देशाबाहेर जाणार नव्हता. त्या भावात घेणार कोण? मी गुलाल लावून घेतला, पण हिशेब जुनाच धरला. १३ सप्टेंबरला किमान मूल्याची अट गेली, शुल्क निम्म्यावर आलं. तेही असंच दोन्हीकडे बघून कळलं.

नुकसान झालं नाही असं नाही. काढणीला मजूर कुठे मोकळे आहेत, बियाणं कुणाकडे उरलंय, हे गटात चटकन कळायचं. आता दहा फोन करावे लागतात. आणि खरं सांगायचं तर बायको अजून गावच्या गटात आहे. लग्न-मयत तिच्याकडून कळतं, म्हणून माझा हा बाणेदारपणा टिकलाय.

२२ मार्च २०२५ ला उरलेलं २० टक्के शुल्क काढल्याचं जाहीर झालं. गावाला संध्याकाळीच कळलं, मला दुसऱ्या दिवशी पेपरात. अंमल १ एप्रिलपासून होता. उन्हाळ कांदा अजून शेतात होता आणि चाळ झाडायची राहिली होती.