दुधाची वाटी आणि तिचा हिशेब

धान्याच्या अडत दुकानात मांजर असणे ही नवी गोष्ट नव्हे. पोत्यांच्या थप्पीवर निजलेली मांजरी, गल्ल्याशेजारची दुधाची वाटी आणि सकाळी फळी उघडताना पायांत घोटाळणारी दोन-चार पिल्ले, हे दृश्य कोणत्याही जुन्या बाजारपेठेत दिसते. वाटी ठेवणारा श्रावक ती जीवदयेच्या भावनेने ठेवतो आणि त्या भावनेत खोट काढण्याचे कारण नाही. परंतु पेढीवर जमेची बाजू लिहिणारा माणूस नावेची बाजूही लिहीत असतो. दुधाच्या वाटीची नावेची बाजू मात्र सहसा कोणी उघडून पाहत नाही.

मांजरी वयाच्या चौथ्या-पाचव्या महिन्यात गाभण राहू शकते. गर्भकाळ अवघा नऊ आठवड्यांचा. पिल्ले अंगावर पीत असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते, त्यामुळे वर्षाला दोन, प्रसंगी तीन वेते होतात आणि प्रत्येक वेतात चारेक पिल्ले असतात. चक्रवाढ व्याजाचा परिचय असलेल्यांना पुढचे गणित सांगावयास नको. तरीही बाजारपेठा मांजरांनी भरून गेलेल्या दिसत नाहीत. मग ही पिल्ले जातात कोठे? अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यात मोकाट मांजरांच्या १६९ पिल्लांवर लक्ष ठेवून केलेला अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी १२७ पिल्ले, म्हणजे शेकडा ७५, सहा महिन्यांची होण्यापूर्वीच मरण पावली किंवा नाहीशी झाली. आपल्या गल्लीतील चित्र याहून सुखावह असेल असे मानण्यास आधार नाही. ट्रकची चाके, कुत्री, संसर्गजन्य रोग आणि उपासमार यांतून जी वाचतात, तीच आपल्या नजरेस पडतात. उरलेल्यांची नोंद कोणत्याच वहीत होत नाही.

हे ध्यानात आले की काही जण दूध बंद करून मांजरांना हाकलू लागतात. तो उपाय नव्हे. एक तर हाकललेल्यांच्या जागी शेजारच्या गल्लीतील मांजरे येतात. शिवाय अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत बंध, वध, छेद आणि अतिभारारोपण यांच्याबरोबरच अन्नपाननिरोधही गणला आहे. आपल्यावर विसंबलेल्या प्राण्याचे अन्न तोडणे हा दोषच. उपाय आहे तो निर्बीजीकरणाचा. तथापि नेमका येथेच अनेकांचा पाय अडखळतो, कारण त्याच यादीत छेद, म्हणजे अवयव कापणे, हाही अतिचार सांगितला आहे.

ही शंका उडवून लावण्यासारखी नाही. परंतु अतिचाराचा विचार करताना कर्त्याचा हेतू आणि त्याचा प्रमाद या दोहोंकडे पाहावे लागते. भूल देऊन, निष्णात पशुवैद्याच्या हातून, त्याच प्राण्याला वारंवारच्या गर्भारपणातून सोडविण्यासाठी केलेली शस्त्रक्रिया आणि रागाने वा लोभाने केलेला छेद यांना एकाच तराजूत घालणे उचित नव्हे. उलट, वर्षामागून वर्षे पिल्ले मरणार हे ठाऊक असताना केवळ वाटी भरत राहणे यात प्रमाद अधिक आहे. ज्यांचे मन तरीही मानत नाही त्यांनी आपल्या गुरूंना अवश्य विचारावे. मात्र विचारताना मरणाऱ्या पिल्लांची संख्याही त्यांच्यासमोर ठेवावी.

प्रत्यक्ष कामात घाई उपयोगी पडत नाही. मोकाट मांजर हाती येत नाही. त्यासाठी आपोआप दार पडणारा पिंजरा लागतो. काही दिवस ठरावीक वेळी, ठरावीक जागी खाणे ठेवून सवय लावावी आणि मग ते खाणे पिंजऱ्यात ठेवावे. मांजर अडकताच पिंजऱ्यावर कापड टाकावे; अंधारात ते शांत होते. शस्त्रक्रियेपूर्वी किती वेळ उपाशी ठेवावयाचे ते वैद्यांना विचारून घ्यावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मांजरीची आचळे आधी पाहावीत. ती पाजत असेल तर तिला दूर नेल्यास मागे पोत्यांच्या फटीत पिल्ले उपाशी मरतील. ती स्वतः खाऊ लागेपर्यंत, म्हणजे साधारण आठ आठवडे, थांबणे हाच शहाणपणा. जखम भरून आल्यावर मांजर जेथून उचलले तेथेच परत सोडतात. बोक्यांचीही शस्त्रक्रिया करावी. त्यांची भांडणे, रात्रीचे ओरडणे आणि पोत्यांवर मूत्र फवारण्याची खोड कमी होते, जी धान्याच्या व्यापाऱ्यास काही लहान गोष्ट नव्हे.

आता वाटीतील दुधाविषयी. मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दूध नीट पचत नाही, जुलाब होतात. स्वच्छ पाणी अधिक हितकारक. याहून अवघड गोष्ट अशी की मांजर हा निसर्गतः मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन नावाचे द्रव्य त्याला अन्नातूनच मिळावे लागते आणि ते डाळ-भातात नसते. ते दीर्घकाळ न मिळाल्यास मांजर आंधळे होते, हृदय निकामी होते. म्हणून मांजर घरात कोंडून त्याला केवळ दूध-भातावर ठेवणे ही दया नव्हे. कृत्रिम टॉरिन मिसळलेले तयार खाद्य मिळते, पण ते वैद्यांच्या सल्ल्यानेच द्यावे. हे ज्या घराच्या आचारात बसत नसेल त्याने मांजर पाळू नये.

मुंबईत १८३४ मध्ये पांजरपोळ उभी राहिली, तीत सर जमशेटजी जीजीभाई यांच्याबरोबर त्या काळच्या व्यापारी महाजनांचा हात होता. त्या परंपरेचा आधार घेऊन पिल्लांची टोपली गुपचूप एखाद्या संस्थेच्या किंवा मंदिराच्या दाराशी ठेवणारेही आढळतात. प्राण्याचे हाल होतील अशा रीतीने त्याला विनाकारण सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. मुंबई महानगरपालिकेने २०१९ मध्ये मांजरांच्या निर्बीजीकरणाचे काम हाती घेतले. इतरत्र प्राणिमित्र संस्था आणि पशुवैद्य हे काम करतात. एका गल्लीतील आठ-दहा पेढ्यांनी मिळून एक पिंजरा घेतला आणि खर्च वाटून घेतला तर कोणावरही भार पडत नाही. सुरुवात माद्यांपासून करावी, आणि सर्व मांजरांचे एकदमच करून घेता आले तर उत्तम. भूल उतरण्यापूर्वी वैद्य कानाचे टोक किंचित कापतात. ती खूण दुरूनही दिसते, आणि त्या मांजराला पुन्हा पिंजऱ्यात जावे लागत नाही.